७० किलोमीटरनंतर येणारा बधिरपणा: एका सॅडलचं प्रकरण

बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या सायकल राइडच्या, तयारीला लागलेले एक रायडर. वय ४२, अंगकाठी सडपातळ, दिवसभर खुर्चीतलं काम. रोड बाइक घेऊन चारेक वर्षं झालेली. सुटीच्या सकाळी ४०-५० किलोमीटर मारून यायचे, कधी कसली तक्रार नव्हती. २०० किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांत संपवावी लागते, म्हणून त्यांनी अंतर वाढवायला घेतलं आणि ७०च्या पुढे घोडं अडायला लागलं. पायात ताकद होती, दमही होता, पण बसवत नव्हतं.

सायकलच्या फिटिंगसाठी माझ्याकडे आले तेव्हा तक्रार दोनच शब्दांची होती: ‘मागे दुखतं.’ मागे म्हणजे नेमकं कुठे, असं विचारल्यावर ते घुटमळले. हे नेहमीचंच आहे. गुडघा दुखत असला की माणूस बोट ठेवून दाखवतो, इथे बोट कुठे ठेवणार? म्हणून मी कागदावर बैठकीचं साधं रेखाचित्र काढतो आणि पेन समोरच्याच्या हातात देतो. त्यांनी तीन खुणा केल्या. बसताना टेकणाऱ्या दोन्ही हाडांवर लहान गोल. डाव्या जांघेच्या घडीत एक ठिपका, तिथे केसतूड होऊन बरं व्हायचं आणि पुढच्या मोठ्या राइडला पुन्हा वर यायचं. आणि दोन पायांच्या मधोमध एक फुली. फुली करताना म्हणाले, ‘इथे दुखत नाही. इथे काही कळतच नाही.’

हाडांवरचे गोल मी बाजूला ठेवले. अंतर वाढवलं की ती हाडं काही आठवडे कुरकुरतात आणि मग गप्प बसतात. ‘बुडाला सवय होईल’ हा सल्ला खरा असलाच तर एवढ्यापुरताच खरा आहे. केसतूड घर्षणाचं असतं, त्याचं कारण शोधावं लागतं. बधिरपणाला मात्र सवय हे उत्तर कधीच नसतं. तिथून जाणारी नस आणि रक्तवाहिनी दाबली जातेय, एवढाच त्याचा अर्थ. सायकलवरून उतरल्यावरही संवेदना लवकर परत येत नसेल, तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जावं. त्यांची संवेदना पाच-दहा मिनिटांत परत येत होती, म्हणून आम्ही पुढे गेलो.

आधी काय काय करून झालं होतं ते विचारलं. कारण सॅडलच्या, म्हणजे सायकलच्या सीटच्या, प्रकरणात मूळ दुखण्यावर उपायांचे थर चढलेले असतात आणि कधी कधी थरच जास्त त्रास देतात.

सायकलबरोबर आलेली सॅडल १३० मिलिमीटर रुंद, कडक, बाजूंनी उतरत जाणारी. तिच्यावर बधिरपणा ७० किलोमीटरला यायचा. त्यावर त्यांनी जेलचं कव्हर चढवलं. पहिल्या दिवशी छान वाटलं आणि पुढच्या मोठ्या राइडला बधिरपणा ४०लाच आला, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग कव्हर काढून पूर्ण सॅडलच बदलली: रुंद, जाड, बोटाने दाबली तर आत जाणारी. बधिरपणा थोडा लांबला, पण मांड्या घासू लागल्या आणि केसतूड सुरू झालं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून सॅडलचं नाक खाली झुकवलं. आता ते सारखे पुढे घसरत होते आणि हाताने रेटा देऊन मागे सरकत होते. करंगळ्यांना मुंग्या येतात का, असं मी विचारलं तर चकित होऊन म्हणाले, ‘तुम्हाला कसं कळलं? मी त्यासाठी ग्लोव्हज बदलले.’

जेलने बिघडलं का, हे त्यांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं, कारण हाताला ते मऊ लागतं आणि मऊ म्हणजे आरामशीर हे मनात पक्कं बसलेलं असतं. वजन हाडांनी उचलायचं असतं. गादी मऊ असली की हाडं तिच्यात रुततात आणि दबलेला जेल जिथे जागा मिळेल तिथे, म्हणजे नेमका मधल्या नाजूक भागाखाली, वर येतो. २००२ साली कोलोनच्या संशोधकांनी पुरुषांना वेगवेगळ्या सॅडलवर बसवून लिंगाच्या त्वचेतल्या प्राणवायूचा दाब मोजला होता. अरुंद पण भरपूर गादीच्या सॅडलवर तो सुमारे ८२ टक्क्यांनी घसरला. रुंद, मध्यम गादीच्या आणि नाक नसलेल्या सॅडलवर सुमारे २० टक्क्यांनी. १३० मिलिमीटरच्या सॅडलवर जेल चढवून आमच्या रायडरनी स्वतःसाठी जवळपास पहिला प्रकारच तयार केला होता.

तरी ४०-५० किलोमीटरपर्यंत काहीच का होत नव्हतं, हा प्रश्न उरतोच. सायकलवर शरीराचं वजन तीन ठिकाणी वाटलं जातं: पेडल, हँडल आणि सॅडल. पेडलवर जोर असतो तेव्हा पायच अंगाला थोडं वर उचलून धरतात. लांबच्या राइडला माणूस जोर राखून ठेवतो, दमतो, पेडलवरचा दाब उतरतो आणि तेवढं वजन निमूटपणे सॅडलवर येतं. शर्यतीतले लोक कडक, चपट्या सॅडलवर कसे बसतात याचंही थोडंफार उत्तर इथेच आहे. ते बसतात कमी आणि ढकलतात जास्त. छोट्या राइडला जी सॅडल ‘एकदम मस्त’ वाटते, तिच्यावरून २०० किलोमीटरचा अंदाज बांधता येत नाही तो यामुळेच.

मग मी त्यांना राइडचे कपडे घालून सायकलवर बसायला सांगितलं. पॅडच्या शॉर्ट्समध्ये त्यांनी आतले कपडेही घातले होते. हे सांगायला लाज वाटावी असं काही नाही, पहिल्यांदा पॅडची शॉर्ट्स घेणाऱ्यांत हे सर्रास दिसतं. पण आतल्या कपड्याची शिवण बरोबर जांघेच्या घडीतून जाते, घाम धरून ठेवते आणि पॅडचं काम फुकट घालवते. शॉर्ट्सच्या डाव्या आतल्या कडेला कापडाचे बारीक गोळे आले होते, उजवीकडे कापड नव्यासारखं. सॅडलचं कव्हरही डाव्या कडेला चकाकत होतं. केसतूड डावीकडेच का, याचा धागा मला इथे मिळाला. मधल्या बधिरपणापेक्षा मला ही एकतर्फी झीज जास्त बोलकी वाटली. सॅडल वाईट असेल तर ती दोन्ही बाजूंनी वाईट असते. एकच बाजू झिजत असेल तर बसणारा तिरका बसतोय.

सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, लावली आणि मागून मोबाइलवर चित्रण केलं. पेडल खाली जाताना कंबर दोन्हीकडे हलत होती, आणि डावीकडे स्पष्टपणे कलंडत होती. त्यांना ते चित्रण दाखवलं तर स्वतःचीच पाठ बघून हसायला लागले. सॅडलची उंची मोजली: बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या भागाच्या) मध्यापासून सॅडलच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत ७५२ मिलिमीटर. जांघेपासून तळव्यापर्यंतची पायाची आतली लांबी ८३५. त्याला ०.८८३ने गुणायचं हा जुना ठोकताळा आहे, त्याने ७३७ येतात. ठोकताळा म्हणजे वेदवाक्य नव्हे, चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. पण १५ मिलिमीटरचा फरक आणि हलणारी कंबर एकत्र दिसली की शंका उरत नाही.

आणि हा फरक आला कुठून? या गृहस्थांनी सीटपोस्टवर (सॅडलखालच्या नळीवर) टेप लावून उंचीची खूण करून ठेवली होती, सॅडल बदलताना पोस्ट बरोबर त्याच खुणेला बसवला होता. काम नेटकं, पण नवी सॅडल जुनीपेक्षा जाड होती. रेलपासून (सॅडलखालच्या सळयांपासून) बसायच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर प्रत्येक सॅडलचं वेगळं असतं. खूण तीच राहिली आणि बैठक वर गेली. सॅडल बदलली की टेपची खूण बाद धरायची आणि बॉटम ब्रॅकेटपासून नव्याने मोजायचं. केसतूड जाड सॅडलबरोबरच का सुरू झालं, तेही यातून उलगडलं. पेडलपर्यंत पोचायला डावा पाय ताणला जात होता, कंबर डावीकडे उतरत होती आणि जांघ रुंद सॅडलच्या कडेवर घासत होती.

नवीन सॅडल हवी हे मला तेव्हाच दिसत होतं. तरी मी आधी उंचीलाच हात घातला. उंची चुकलेली असताना दहा सॅडली बदलल्या तरी दहाही टोचतात आणि माणूस चांगली सॅडलही नापास करून मोकळा होतो. सॅडल एकदम १५ नाही, आधी ८ मिलिमीटर खाली घेतली, पुढच्या आठवड्यात आणखी ५. पायाला जुन्या उंचीची सवय झालेली असते, एकदम फार खाली आणलं की गुडघा पुढून बोलायला लागतो. कंबरेचं हलणं थांबलं, पण डावीकडचा कल थोडा उरलाच.

तो सापडला बुटात. दोन्ही बूट उलटे करून शेजारी ठेवले, तर डावा क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तळव्यावरचा तुकडा) उजव्यापेक्षा ५ मिलिमीटर टाचेकडे होता. क्लीट मागे असला की पेडल गाठायला पायाला थोडं जास्त लांब जावं लागतं. कधीतरी बोल्ट सैल होऊन तो सरकला असावा, तळव्यावरच्या जुन्या व्रणावरून तसंच दिसत होतं. बोल्ट सैल करून क्लीट व्रणावर परत आणला, घट्ट केला. पायांच्या लांबीत खरोखर फरक असलेलेही लोक असतात आणि त्यांच्या क्लीटखाली पातळ चकत्या घालाव्या लागतात. पण ती शंका घेण्याआधी बूट उलटा करून पाहायला मिनिटभर लागतं.

आता सॅडलची रुंदी. बैठकीची हाडं मोजायला यंत्र लागत नाही. पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक, सपाट स्टुलावर ठेवायचा. पातळ कपड्यात त्यावर बसायचं, पाय थोड्या उंच वस्तूवर टेकवून गुडघे वर आणायचे, पुढे वाकायचं आणि स्टुलाची कड धरून स्वतःला खाली ओढायचं. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. दिसत नसतील तर खडू आडवा धरून हलकेच फिरवायचा, खळगे कोरे राहतात. दोन्हींच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं. कडांमधलं घेतलं की माप फसतं. त्यांचं आलं १३२ मिलिमीटर.

१३२ची हाडं आणि १३० मिलिमीटरची सॅडल, तीही बाजूंनी उतरती. म्हणजे दोन्ही हाडं सॅडलच्या कडेवरून बाहेर लोंबत होती आणि सगळं वजन मधल्या भागाने पेललं होतं. सडपातळ माणसाला अरुंद सॅडल हा समज यामुळे खोटा पडतो. हाडांमधलं अंतर बाहेरच्या अंगकाठीवरून कळत नाही. बायकांच्या बाबतीत हे अंतर सरासरीने जास्त असतं हे खरं, पण ‘लेडीज सॅडल’ म्हणून जे गुबगुबीत प्रकरण हातात दिलं जातं त्याचा आधार मापापेक्षा अंदाजच असतो. पुठ्ठ्यावर बसणं त्यांनाही चुकत नाही.

हाडांच्या अंतरात साधारण २० ते ३० मिलिमीटर मिळवले की सॅडलची रुंदी येते. माणूस जितका ताठ बसतो तितके जास्त. पुढे वाकलं की श्रोणी, म्हणजे कंबरेचा हाडांचा सांगाडा, फिरते आणि वजन हाडांच्या पुढच्या, एकमेकांजवळ येत जाणाऱ्या भागावर सरकतं, म्हणून तिथे कमी रुंदी पुरते. या हिशेबाने त्यांना १५५च्या आसपास हवी होती. दुकानात १४३ तयार होती आणि ‘दहा-बारा मिलिमीटरने काय फरक पडतो’ असं त्यांना वाटलं, म्हणून आधी तीच चाचणीला आणली. दीड तासाने डाव्या हाडाला कड लागायला लागली. दहा-बारा मिलिमीटरने एवढा फरक पडतो.

१५५मध्ये पहिली घेतली ती मधोमध आरपार मोठी चीर असलेली. चीर म्हणजे बधिरपणावर रामबाण, असं सरसकट मानलं जातं, आणि अनेकांना तिचा उपयोग होतोही. यांचा बधिरपणा गेला, पण चिरेच्या दोन्ही कडा नाजूक भागाला टोचायला लागल्या. मधला आधार काढला की त्याचा भार कडांवर जातो, आणि ती चीर यांच्या बैठकीला फार रुंद होती. मग तेवढ्याच रुंदीची, आरपार चिरेऐवजी उथळ पन्हाळ असलेली आणि आखूड नाकाची सॅडल लावली. जुन्या घडणीच्या सॅडली २७०-२८० मिलिमीटर लांब असतात, ही २४० होती. हँडलच्या खालच्या पकडीत वाकल्यावर नाकाचा दाब येतो तो आखूड नाकाने बराच टळतो. नाकच नसलेल्या सॅडलीही मिळतात, आणि ज्यांचा बधिरपणा कशानेच जात नाही त्यांनी त्या नक्की पाहाव्यात. पण मांड्यांमध्ये नाक असलं की वळणावर सायकल सांभाळायला मदत होते, ती सोडायची आमच्या रायडरची तयारी नव्हती.

आखूड सॅडल बसवताना हमखास एक गडबड होते. जुनीचं नाक जिथे होतं तिथे नवीचं नाक आणून ठेवतात. त्यामुळे बसायची जागा तीनेक सेंटिमीटर पुढे जाते. नाक विसरायचं. दोन्ही सॅडलींवर जिथे रुंदी ८० मिलिमीटर भरते तिथे खूण करायची आणि ती खूण बॉटम ब्रॅकेटच्या किती मागे येते ते ओळंबा सोडून जुळवायचं. रेलवर छापलेल्या मर्यादेच्या आतच क्लॅम्प राहील हेही पाहायचं.

नाकाचा झुकाव आम्ही आधी काढून टाकला. सॅडलवर एक सपाट पट्टी ठेवून त्यावर पाणसळ ठेवली आणि सपाट केलं. नंतर ऍलन कीने दोन्ही बोल्ट थोडे थोडे फिरवत नाक जेमतेम दोन अंश खाली नेलं. आधी ते सहा अंशांच्या पुढे होतं. दोन अंश कागदावर क्षुल्लक वाटतात, बसल्यावर तीन तासांनी कळतात. घसरणं थांबलं, हातावरचा रेटा गेला आणि करंगळ्यांच्या मुंग्या ग्लोव्हज न बदलता गेल्या.

शेवटचा बदल सॅडलच्या जवळपासही नव्हता. कोपरं सरळ ताठ, खांदे कानाशी, आणि थकल्यावर सॅडलच्या पुढच्या टोकाला येऊन बसणं, ही हँडल लांब असल्याची लक्षणं आहेत. माणूस हँडल गाठायला पुढे सरकतो आणि सॅडलच्या रुंद भागाऐवजी अरुंद भागावर बसतो. मग १५५ची सॅडल घेऊन उपयोग काय? हँडल सायकलला जोडणारा ११० मिलिमीटरचा स्टेम काढून ९०चा लावला. सॅडल मागेपुढे करून हँडलचं अंतर साधायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. सॅडलची जागा पायांसाठी ठरते आणि हँडलचं अंतर स्टेमने.

चाचणीच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. एका वेळी एकच बदल, रस्ता तोच, शॉर्ट्स तीच, आणि किमान दोन तास. दुकानात पाच मिनिटं बसून फक्त गादी मऊ आहे की कडक एवढंच कळतं. दर वेळी पुन्हा तेच रेखाचित्र आणि पेन. फुली आधी लहान झाली, मग गेली. ठिपका महिनाभर टिकला, कारण केसतुडाला बरं व्हायला वेळ द्यावा लागतो. तेवढ्या काळात लांब राइड बंद, फोड दाबायचा नाही, राइड संपली की ओली शॉर्ट्स लगेच उतरवायची. आतले कपडे पहिल्याच दिवशी गेले होते. पॅडला लावायचं क्रीम त्यांनी १०० किलोमीटरच्या पुढच्या राइडला सुरू केलं. ते घर्षण कमी करतं, चुकलेली उंची दुरुस्त करत नाही.

बसण्यातही एक बदल केला. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहायचं, दहा-बारा फेऱ्या मारून खाली बसायचं. चढावर माणूस आपसूक उठतो, सपाट रस्त्यावर विसरतो. म्हणूनच सपाट मार्ग पायाला सोपा आणि बुडाला अवघड जातो. त्यांनी सायकल कॉम्प्युटरवर गजर लावला.

२०० झाली, वेळेत. त्यानंतर ३००ही झाली, तिला २० तास मिळतात. रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात हाडं दुखली, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबली. बधिरपणा रस्त्यावर पुन्हा आला नाही. ट्रेनरवर मात्र अजून येतो, तासाभराने. ट्रेनरवर सायकल जागची हलत नाही, वळण नाही, खड्डा नाही, त्यामुळे बैठक एकाच बिंदूवर दाबत राहते. त्यात त्यांच्या ट्रेनरने मागचा भाग उचलला जात होता आणि नाकाचे दोन अंश वाढून चार झाले होते. पुढच्या चाकाखाली ठोकळा दिला, पाणसळ पुन्हा ठेवली. आता ते ट्रेनरवर दर आठ मिनिटांनी उठतात. त्यांना आता ताणलेल्या चामड्याची सॅडल खुणावतेय. घ्यायला हरकत नाही, त्या वर्षानुवर्षं टिकतात आणि अनेकांच्या बैठकीला हळूहळू जुळत जातात. फक्त सध्याची उंची, ८० मिलिमीटरच्या खुणेचं अंतर आणि नाकाचा कोन असे तिन्ही आकडे लिहून ठेवल्याशिवाय ही सॅडल सोडवू नका, एवढं मी त्यांना सांगितलं आहे.